गाऱ्हाण्याचा पिवळा भाग

माझ्या भाचीने केलेल्या चाळणीचा पहिला प्रयोग श्रद्धांजलीच्या लेखांवर झाला. ती पार्ल्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात संगणकाकडून मराठी मजकूर तपासून घेण्याची साधने तयार करते. या साधनाला तिने एक लांबलचक इंग्रजी नाव दिले होते. घरात आम्ही त्याला चाळण म्हणत होतो. त्याचे काम सांगायला सोपे आहे. एकाच प्रकारचे पुष्कळ मजकूर त्यात घालायचे. जे शब्दसमूह बहुतेक मजकुरांत पुन्हा पुन्हा येतात त्यांवर ते राखाडी रंग चढवते. जे एखाद्याच मजकुरात येतात आणि दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत, त्यांवर पिवळा. राखाडी म्हणजे सगळेच म्हणतात ते, पिवळे म्हणजे त्या माणसाचे स्वतःचे, असा तिचा सिद्धान्त.

लेख मीच पुरवले होते. एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी निवृत्त होईपर्यंत उपसंपादक होते आणि असे लेख माझ्या हातून पुष्कळ गेले होते. ते चाळणीतून बाहेर आले तेव्हा पडदाभर राखाडी पसरले. न भरून येणारी पोकळी राखाडी, हसतमुख व्यक्तिमत्त्व राखाडी, अखेरपर्यंत कार्यरत राखाडी. पिवळी होती ती फक्त मृतांची नावे.

"मावशी, यातले तू किती लिहिलेस?" भाचीने विचारले.

मी विषय बदलला. गाऱ्हाण्याचा विषय निघाला तो असा.

मी राहते ती सोसायटी मुलुंड पूर्वेला आहे. बहुतेक कुटुंबे कोकणातली. आजोबा गिरणीत, वडील गोदीत किंवा बेस्टमध्ये, मुले आता विमानतळावर, बँकेत, अंधेरीच्या कंपन्यांत. मी स्वतः घाटकोपरची. मालवणी मला सासरी आल्यावर कळू लागली आणि सासूबाईंनी ती कळेपर्यंत माझी गय केली नाही. सोसायटीत दरवर्षी सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा होते. सकाळी झेंडा, मग पूजा, आरती, गाऱ्हाणे आणि जेवण. गाऱ्हाणे म्हणजे जाणत्या माणसाने देवापुढे उभे राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणे मांडायचे. प्रत्येक मागण्यापाशी तो थांबतो आणि जमलेले लोक एका आवाजात "होय म्हाराजा" म्हणतात. गावच्या देवांची नावे, चुकले-माकले असेल त्याची माफी, लेकराबाळांचे रक्षण, आडी-अडचणींचे निवारण, असा त्याचा ठरलेला रस्ता असतो. मधे बोलणारा स्वतःचे काही घालतो. ते कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे ऐकणाऱ्याला कळत नाही, कारण सगळे एका सुरात आणि एका वेगात जाते, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष तोपर्यंत जेवणाकडे गेलेले असते.

आमच्याकडे गाऱ्हाणे घालायचे ते दुसऱ्या मजल्यावरचे काका. गोदीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, उंच, आवाज तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जाईल असा. वर्षभर ते सोसायटीच्या कमिटीकडे तक्रारी करत. लिफ्ट, पाणी, पार्किंग, वॉचमन. तक्रारी लेखी असत, अक्षर सुंदर असे आणि उत्तर कधी येत नसे. वर्षातून एकदा मात्र सगळी सोसायटी हात जोडून त्यांच्यासमोर उभी राही आणि ते म्हणतील त्याला होकार देई. काकू म्हणत, ह्या माणसाचे वर्ष सव्वीस जानेवारीला सुरू होते आणि त्याच दिवशी दुपारी संपते.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीने हे बदलायचे ठरवले. सेक्रेटरी चाळिशीतला, अंधेरीला मालवाहतुकीच्या कंपनीत कामाला. मूळ गाव वेंगुर्ल्याकडे, जन्म मुलुंडचा, मालवणीशी संबंध खानावळीतल्या फळ्यापुरता. लहानपणापासून पूजेच्या दिवशी माइक धरायचे काम त्याच्याकडे होते आणि सेक्रेटरी झाल्यावरही त्याने ते सोडले नव्हते. सभेत त्याने मांडले की गाऱ्हाणे लांबते, भात गार होतो, केटररची माणसे खोळंबतात. तेव्हा गाऱ्हाण्याचा एक ठराविक मजकूर तयार करावा, तो एका पानात बसावा आणि दरवर्षी वेगळ्या सभासदाने तो वाचावा. म्हणजे सगळ्यांना संधी मिळेल. विरोध कुणी केला नाही. भात गार होतो हे खरे होते. ठरावाचा मसुदा आणि मजकूर एका विशेष सभेत मंजूर करायचा असे ठरले.

काका मागच्या रांगेत बसले होते. सभेनंतर ते माझ्या मागोमाग निघाले. जिन्यात मला गाठून म्हणाले, "पेपरवाल्या बाय, माझो आवाज गेलो काय गो?"

"नाही काका."

"मगे माका गप कित्याक करतत?"

गप का करतात, तर भात गार होतो म्हणून, एवढेच मी सांगितले. चाळणीबद्दल मात्र मी त्याच आठवड्यात सेक्रेटरीशी बोलून बसले होते. लिफ्टची वाट पाहताना, सहज. भाची काय करते असे त्याने विचारले आणि मी सांगितले. त्याचे डोळे चमकले. काकांची आजवरची सगळी गाऱ्हाणी त्यात घातली तर जे राखाडी निघेल तेच प्रमाण गाऱ्हाणे, नाही का, असे त्याने विचारले. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते.

भाचीला मौखिक मजकुरावर साधन चालवून पाहायचेच होते. छापील मजकूर चाळण्यात आता काही गंमत उरली नाही, असे ती श्रद्धांजलींनंतर म्हणत होती. ध्वनिमुद्रणेही मिळाली. तळमजल्यावर लग्नाचे व्हिडिओ काढणारे एक सभासद राहतात. हाताची सवय राहावी म्हणून ते दरवर्षी पूजेचे चित्रण करतात, आणि एकही कॅसेट, सीडी किंवा फाइल त्यांनी फेकलेली नाही. कोण कोणत्या वर्षी किती जाड होते, हे ते पुराव्यासह सांगू शकतात. त्यांनी सगळा साठा एका पेन ड्राइव्हवर दिला. ऐकून उतरवून काढायचे काम माझ्याकडे आले, कारण भाचीला मालवणी येत नाही.

मी काम वेळेत संपवून दिले. भाचीने मजकूर चाळणीत घातला आणि फोन केला. काहीतरी बिघडले होते. चाळण सांगत होती की या सगळ्या मजकुरांत समान असे जवळजवळ काहीच नाही. प्रत्येक गाऱ्हाणे नवे, पडदाभर पिवळे. असा वक्ता जगात असू शकत नाही, असे तिचे मत होते. तिने माझी एक फाइल आणि मूळ आवाज शेजारी ठेवून ऐकले. मग पुन्हा फोन केला.

"मावशी, तू याची बातमी केलीस."

ते खरे होते. डेस्कवर आयुष्य गेले की पुनरुक्ती दिसली की हात आपोआप चालतो. देवांची नावे एकदा आली, पुन्हा कशाला, म्हणून मी ती गाळली होती. "होय म्हाराजा" पहिल्या दोन ठिकाणी ठेवून पुढे कापले होते. चुकले-माकले असेल त्याची माफी काकांनी एका गाऱ्हाण्यात पुन्हा पुन्हा मागितली होती. मी ती एकदाच मागू दिली. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा म्हणून लिफ्टचा उल्लेख वर घेतला होता. जे राखाडी निघायचे ते सगळे मी आधीच टोपलीत टाकले होते. भाचीने शांतपणे सांगितले की या कामात जे निरर्थक वाटते तेच मोजायचे असते, आणि तू कृपा करून कानाला येईल ते लिही. मी पुन्हा पहिल्यापासून बसले. ऐकू येईल ते सगळे लिहिले. "होय म्हाराजा" प्रत्येक वेळी लिहिले. कुणी खोकले तर तेही लिहिले.

दुसऱ्या खेपेला मी पार्ल्याला तिच्या घरीच गेले. स्टेशनपासून चालत जाताना मनात अंदाज बांधत होते की आता तरी राखाडी निघेल. निघाले. देव राखाडी, माफी राखाडी, लेकरेबाळे राखाडी, सगळे "होय म्हाराजा" एका ओळीत, सोसायटीच्या खांबांसारखे राखाडी. आणि मधे मधे, दोन खांबांच्या मध्ये, पिवळ्या पट्ट्या.

भाचीने पहिली पट्टी वाचायला सांगितली. मी वाचली.

"वॉचमनाक चांगली झोप दी रे म्हाराजा, पण दिवसा."

भाचीने चहाचा कप खाली ठेवला. आम्ही पुढे गेलो.

"चौथ्या माळ्यावरचां पाणी तिसऱ्या माळ्यार उतरतां. जां वरचां आसा तां वरच ठेव, आणि खाली इलां ह तां परत वर चढव रे म्हाराजा."

"ज्या कोणी पार्किंगच्या जाग्यार कुंड्यो मांडल्यान हत, तेच्या गाडयेक जागो गावांदे नको, म्हणजे तेका कळात."

गावांदे म्हणजे मिळू दे. पार्किंगच्या जागेत कुंड्या कुणाच्या आहेत हे मुलुंडमध्ये आमच्या फाटकाच्या आत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या सेक्रेटरीच्या आहेत. कुंड्या त्याला वाढदिवसाला मिळतात आणि घरात बाल्कनी लहान आहे.

पुढच्या एका वर्षी हे होते: "मीटिंगेत जेचो आवाज सगळ्यांत मोठो, तेका कान पण तितकेच मोठे दी रे म्हाराजा." त्याच्याही पुढच्या वर्षी: "आमच्या घरच्या लक्ष्मीचो हात मिठाच्या बाबतीत जरा आखडतो कर, कढी प्यालंय की तान लागता."

मी हे सगळे कानाने ऐकून हाताने उतरवले होते. एकेक शब्द ऐकून लिहिताना वाक्याचा अर्थ डोक्यात शिरत नाही. रात्रपाळीला मुद्रिते तपासताना हेच व्हायचे. अर्थ आता रंग चढल्यावर दिसला. भाची हसून लाल झाली होती. मग तिने एक पट्टी बोटाने दाखवली आणि ही वाच, म्हणाली.

"जी बाय दुसऱ्याचां बोलणां मधीच सुधारता, तिका एकदा तरी पुरां वाक्य ऐकूची बुद्धी दी रे म्हाराजा."

त्याखाली "होय म्हाराजा" होते, राखाडी. त्या वर्षी मी पहिल्या रांगेत होते. बायकांच्या आवाजांत माझा आवाज ओळखू येतो.

हसणे ओसरल्यावर प्रश्न उरला. सेक्रेटरीने फक्त राखाडी मागितले होते. पण त्याने पिवळे पाहिले तर काकांना गाऱ्हाणेच काय, आरतीतली घंटाही मिळणार नव्हती. भाचीचे म्हणणे स्पष्ट होते. मागितले तेवढे ती देईल, पण कुणी सरळ विचारले तर लपवणार नाही. साधन दोन रंगांचे आहे. मी म्हटले, निदान ज्याचे शब्द आहेत त्याला आधी सांगू.

काकांना मी त्यांच्या घरी गाठले. काकू बाजारात गेल्या होत्या. यंत्राला काय काय दिसते ते मी सांगितले.

"सगळां दिसतां?"

"सगळं."

"कढीचां पण?"

"कढीचंही."

काका खुर्चीत बसले. इतकी वर्षे मीही त्या सोसायटीत राहत होते, पण त्यांना आवाज नसलेले मी प्रथमच पाहत होते. मग ते हळू म्हणाले, "लोकां ऐकणत नाय, म्हणून मी बोलतंय गो बाय. ऐकूक लागली, तर माझां तोंड उघडूचां नाय."

मी विचारले की कमिटीला लिहिलेच होते, तर देवाला कशाला सांगायचे. ते म्हणाले की कमिटी उत्तर देत नाही, देवही देत नाही, पण देवासमोर निदान सेक्रेटरी मोठ्याने होय म्हणतो. दरवर्षी तेवढे ऐकले की त्यांचे पुढच्या सव्वीस जानेवारीपर्यंत भागते. मी निघताना त्यांनी एवढेच मागितले की पिवळे तुमच्याजवळ ठेवा. मी हो म्हटले.

भाचीने राखाडी मजकूर पाठवला. सेक्रेटरी खूश झाला. तो एका पानात बसत होता. त्याने तो छापून, लॅमिनेट करून काकांनाही एक प्रत पाठवली, माहितीसाठी. आणि विशेष सभेच्या आदल्या दिवशी मला भेटून म्हणाला की नुसता मजकूर दाखवून भागणार नाही. इतकी वर्षे किती अनावश्यक भाग ऐकावा लागला तोही लोकांना दिसू दे. पारदर्शकता असावी. भाचीला बोलवा, क्रिकेटचे सामने दाखवायला घेतलेला प्रोजेक्टर आहेच.

मी म्हटले, कशाला, जाऊ दे. भाची आली तेव्हा तिनेही सांगून पाहिले की पिवळे म्हणजे अनावश्यक असे नाही, संदर्भ सुटला की मजकूर वेगळा वाटतो. सेक्रेटरी म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त बटन दाबा. बाकी मी समजावतो."

विशेष सभेला नेहमीपेक्षा गर्दी होती, कारण पडदा लावलेला दिसत होता आणि सामना आहे असा काहींचा समज झाला होता. काका मागच्या रांगेत, छताच्या पंख्याकडे पाहत. काकू त्यांच्या शेजारी, चष्मा घालून. सेक्रेटरीने प्रस्तावना केली. राखाडी भाग दिसला; लोकांनी माना डोलावल्या. मग तो म्हणाला, आता यात दरवर्षी किती वाढीव भरले जाते ते पाहा. भाचीने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. तिने बटन दाबले.

वेगात ऐकलेली मालवणी ज्यांना कळत नाही त्यांनाही भिंतीवर लिहिलेली सावकाश कळते. वॉचमनची ओळ वाचून पहिल्या रांगेत हसू फुटले. पाण्याच्या ओळीला तिसरा मजला चौथ्या मजल्याकडे वळून पाहू लागला. कुंड्यांची ओळ आली तेव्हा कुणीही कुणाकडे वळून पाहिले नाही. सगळे समोर पाहत होते, कारण कुंड्यांचा मालक समोर उभा होता. सेक्रेटरी ओळ अर्धी वाचून थांबला.

व्हिडिओवाल्या सभासदांनी त्यावेळी विचारले की याचा आवाज पण ऐकू येतो का. साधनात सोय होती. पट्टीवर बोट ठेवले की त्या जागेचे मुद्रण वाजते. भाचीला कुणी तरी सरळ विचारले होते, म्हणून तिने बोट ठेवले. काकांचा आवाज आला, एका सुरात, कुंड्या, गाडी, रे म्हाराजा. आणि त्यानंतर सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत स्पष्ट, सगळ्यांत भक्तिभावाने, सेक्रेटरीचा: "होय म्हाराजा." माइक त्याच्या हातात होता.

आता लोकांना थांबवणे अशक्य होते. कानांची ओळ लावा, अशी मागणी झाली. तिथेही तोच आवाज, तेवढाच मोठा. चौथ्या मजल्याने पाणी परत वर चढवायला दिलेली संमती लागली. मी दिलेली संमतीही लागली. ती लावा असे कोण म्हणाले ते मला माहीत आहे आणि ती कॉलेजात मराठी शिकवते. कढीची ओळ आल्यावर काकूंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि ओळ दुसऱ्यांदा वाचली.

"इतकी वर्सां," त्या काकांना म्हणाल्या, आणि हॉल शांत असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेले, "माका वाटलां, तुमी माझ्यासाठी आयुष्य मागतास."

काका पंख्याकडेच पाहत राहिले. पुढचा आठवडाभर ते रोज दुपारी स्टेशनजवळच्या गाडीवर वडापाव खाताना दिसत.

ठराव मांडला गेला नाही. सेक्रेटरीने प्रोजेक्टर बंद केला आणि यंदाचे गाऱ्हाणे काकाच घालतील असे सांगून सभा संपवली. दुसरे काही सांगितले असते तर हॉलमधून बाहेर पडणे त्याला अवघड गेले असते. म्हणजे काका जिंकले होते. मी अभिनंदन करायला गेले तर ते म्हणाले, "जिंकलंय खंय? आता सगळी कान टवकारून बसतली."

तसेच झाले. सव्वीस जानेवारीला आरतीपासूनच हॉल भरला होता. एरवी पानावर बसायच्या वेळी खाली उतरणारी मंडळी आज पुढे जागा धरून होती. दहावीतल्या मुलांपासून आजींपर्यंत सगळ्यांच्या हातात फोन, सगळे उभे धरलेले. भाचीही आली होती, नव्या मुद्रणासाठी. सेक्रेटरी माइक घेऊन नेहमीच्या जागी उभा राहिला. काका पुढे आले. पांढरा झब्बा, टोपी. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, खिशात हात घातला आणि लॅमिनेट केलेले पान बाहेर काढले.

ते त्यांनी वाचले. रवळनाथ, सातेरी, चुकले-माकले, लेकरेबाळे. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. लोक जागच्या जागी होय म्हाराजा म्हणत राहिले आणि प्रत्येक वेळी पुढे वाकून वाट पाहत राहिले. पान संपले. काकांनी ते घडी करायचा प्रयत्न केला, ते लॅमिनेट असल्यामुळे वाकले नाही, तेव्हा तसेच खिशात घातले आणि देवाला हात जोडून बाजूला झाले.

भात गरम होता. तशी वाफ आतल्या खोलीतून दिसत होती. पण जेवायला कुणी वळले नाही. फोन खाली आले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मला हळूच म्हणाल्या की आमचे पाणी यंदा राहिलेच की.

सेक्रेटरी माइक धरून तसाच उभा होता. त्याला सुटकेचा निःश्वास टाकायला हरकत नव्हती. त्याऐवजी तो एक पाऊल पुढे आला आणि विसरून माइकमध्येच बोलला.

"काका, आमचं पिवळं?"

काकांनी त्याच्याकडे पाहिले. "तुमका तां नको होतां ना रे?"

"काका, घाला ना. सगळे थांबलेत."

"आणि तुझ्याबद्दल काय इलां, तर?"

सेक्रेटरीने खांदे उडवले आणि माइक काकांच्या तोंडाजवळ नेला. काकूंनी मागून आवाज दिला की कढीचे सोडून काय वाटेल ते बोला. काकांनी टोपी सारखी केली आणि डोळे मिटले.

"हे देवा म्हाराजा. ह्या चेडवान एक चाळण केल्यान आसा. तिका धान्य खंयचां आणि खडो खंयचो तां अजून समाजणा नाय, तां समजांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. ते चेडू, म्हणजे माझी भाची, सगळ्यांत मोठ्याने.

"ज्या कोणी पार्किंगच्या जाग्यार कुंड्यो मांडल्यान हत, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सेक्रेटरी म्हणाला आणि थांबला. "पण दोन काढल्या."

काकांनी डोळे उघडले. मी ऐकलेल्या सगळ्या मुद्रणांत गाऱ्हाण्याला उत्तर आल्याचे उदाहरण नव्हते. ते बहुधा काकांनाही नवे होते. त्यांनी क्षणभर विचार केला.

"उरलेल्यांचां बोल."

"पाडव्यापर्यंत काढतो."

"होय म्हाराजा," काका म्हणाले, आणि हॉलने ते उचलून धरले.

पुढे ते आटोक्यात राहिले नाही. पाण्याच्या मागण्याला चौथ्या मजल्यावरून उत्तर आले की प्लंबर येऊन गेला, भिंत फोडावी लागेल. तिसऱ्या मजल्याने कधी ते विचारले. वॉचमन दारात उभा होता. त्याने दिवसा झोपायला खोली मागितली, आणि देवाच्या आधी कमिटीने ती कबूल केली. लिफ्टच्या दाराबद्दल तर तीन वेगवेगळ्या बाजूंनी "होय म्हाराजा" आणि त्यामागून "पण" आले. इतकी वर्षे उत्तर न मिळालेल्या त्या सुंदर अक्षरातल्या तक्रारी एकेक करून निघाल्या. काकांचा आवाज शेवटी शेवटी बसला, तेव्हा सेक्रेटरीने त्यांना पाणी आणून दिले आणि ते पिऊन होईपर्यंत माइक धरून थांबला. कढीबद्दल काका एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी पानात कढी होती आणि तिच्यात मीठ नव्हते. ती केटररची होती की काकूंची याची मी चौकशी केली नाही.

हे मुद्रण उतरवून मी भाचीला दिले. इतर सगळ्या वर्षी न चुकता राखाडी निघालेले "होय म्हाराजा" या वर्षी पहिल्यांदा पिवळे झाले, कारण त्यांच्या मागे प्रत्येकाने आपापले काहीतरी जोडले होते. काकांचे शब्द त्या मानाने राखाडी वाटत होते. भाचीने विचारले की लोकांची मधली बडबड फाइलमधून काढायची का. मी म्हटले, एक अक्षर काढायचे नाही.

त्यामुळे अगदी शेवटी, काका थांबल्यावर, कुणीतरी म्हणालेले "भात गार झाला" हेही त्यात आहे. ते मात्र चाळणीने राखाडी दाखवले. ते दरवर्षीचे होते.